सपाट नकाशा, चढणीचे लिस्बन

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघतो, त्याला काहीतरी चावट नाव पडते आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी नकाशा टाकतो. नकाशावर लाल टिकल्याच टिकल्या: किल्ला, कॅथीड्रल, कस्टर्डच्या पेस्ट्रीचे दुकान, कुण्या इन्स्टाग्रामवाल्याने सुचवलेली गच्चीवरची बसायची जागा. सगळ्या एकमेकींना खेटून. ‘‘अरे, हे तर सगळं चालत होईल,’’ असा निर्वाळा देणारा एक गडी प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच.

लिस्बनच्या बाबतीत त्याचे म्हणणे नकाशापुरते खरे आहे. साओ जॉर्जचा किल्ला आणि कार्मोचा भग्न मठ यांत सरळ रेषेत एक किलोमीटरही अंतर नाही. फक्त किल्ला एका टेकडीवर आहे, मठ दुसऱ्या टेकडीवर, आणि मधल्या खोलगटात बाइशा नावाची बाजारपेठ. म्हणजे आधी पायऱ्यापायऱ्यांनी तळाला यायचे आणि मग समोरची टेकडी चढायची. ऑगस्टमधल्या दुपारी, भरपेट जेवणानंतर, गुळगुळीत झालेल्या दगडी फरसबंदीवरून. पोर्तुगालची राजधानी सात टेकड्यांवर वसल्याचे सांगतात. ‘चालत होईल’ म्हणणारा मित्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुठल्यातरी पायरीवर बसलेला सापडतो.

युरोपात नोकरी-शिक्षणासाठी गेलेली मराठी मुले आता बरीच आहेत. कुणी म्युनिकला, कुणी डब्लिनला, कुणी लंडनला, त्यांचा एखादा मित्र अजून पुण्यातच. एकमेकांना भेटायला तीन-चार दिवस काढून मधल्याच कुठल्यातरी राजधानीत जमायचे, ही पद्धत त्यांच्यात चांगली रुळली आहे. लिस्बन त्यासाठी सोयीचे: विमानतळ जवळजवळ शहरातच, मेट्रो थेट त्याच्या दारात, समुद्र हाकेच्या अंतरावर. पण ठिकाण ठरवण्याआधी वेगळाच तिढा सुटावा लागतो, तो कागदपत्रांचा.

चौघांकडेही भारतीय पासपोर्ट असला तरी चौघांची परिस्थिती एकसारखी नसते. जर्मनीचा निवास परवाना असणाऱ्याला पोर्तुगालसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. शेंगेन देशांमध्ये कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस तो फिरू शकतो. आयर्लंड मात्र युरोपीय संघात असूनही शेंगेनमध्ये नाही. त्यामुळे डब्लिनवाल्याला, अंतर अवघ्या तीनेक तासांच्या विमानप्रवासाचे असले तरी, पुण्यातल्या मित्रासारखाच व्हिसाचा अर्ज करावा लागतो. लंडनवाल्याचीही तीच गत. हे त्याला बहुतेक वेळा तिकिटे काढून झाल्यावर कळते.

पुण्यातल्या मित्राच्या अर्जातही एक मेख आहे. चार दिवस लिस्बनला आणि पुढे आठवडाभर म्युनिकला मित्राच्या घरी राहणार असेल, तर अर्ज पोर्तुगालकडे करून चालत नाही. जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे, म्हणजे जर्मनीकडे करायचा. मुक्काम सारखाच असेल तर जिथे पहिले पाऊल पडेल तिथे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही तीन महिने वैध हवा आणि तो दहा वर्षांपेक्षा जुना नको. ग्रुपमध्ये सगळ्यात आधी ठरवायची तारीख ही सहलीची नव्हे, या अर्जाची असते.

आता तासांचा हिशेब. शुक्रवारी दुपारी पोहोचायचे आणि सोमवारी दुपारी निघायचे, म्हणजे मोजून बहात्तर तास. त्यातून तीन रात्रींची झोप वजा करा. चार माणसे आणि एक न्हाणीघर असलेल्या घरातल्या तीन सकाळी वजा करा. जेवणे, रांगा, सामान ठेवायची जागा शोधणे, ‘‘पाच मिनिटांत आलोच’’ म्हणून गेलेल्याची वाट पाहणे, हेही वजा करा. उरतात अठ्ठावीस-तीस तास. जूनमध्ये लिस्बनला सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, डिसेंबरमध्ये सव्वापाचलाच. तेवढ्याच विमानभाड्यात उजेडाचे पाच तास रोज कमी-जास्त होतात, आणि हा आकडा स्वस्त तिकिटावर छापलेला नसतो. पावसाचे गणितही आपल्या उलटे: जुलै-ऑगस्ट कोरडे ठणठणीत, पाऊस हिवाळ्यात. आणि पाऊस पडला की तिथल्या फरसबंदीवर चालणे म्हणजे शेवाळलेल्या घाटावरून उतरणे.

ही फरसबंदी, म्हणजे काल्सादा, खास पाहण्यासारखी आहे. पांढरा चुनखडक आणि काळा बेसॉल्ट यांचे मुठीएवढे चौकोनी तुकडे हाताने बसवून केलेली नक्षी. १८४२ मध्ये किल्ल्यातल्या कैद्यांकडून अशी पहिली नक्षी करवून घेतली गेली. मग रोसिओ चौकात समुद्राच्या लाटा उमटल्या, त्या इतक्या हुबेहूब की टक लावून पाहिले तर पायाखाली हलल्यासारखे वाटते. पावलांनी घासून घासून हे दगड चकचकीत झाले आहेत. नव्या सपाट तळव्याच्या बुटांनी यावर पहिली घसरगुंडी खाल्ली, की मागच्या कितीतरी पर्यटकांनी काय भोगले ते कळते. चाकांची बॅग या दगडांवरून ओढताना सगळ्या गल्लीला पाहुणे आल्याची वर्दी मिळते.

म्हणून मुक्काम कुठे, हा प्रश्न भाड्यापेक्षा उंचीचा आहे. आल्फामा ही जुनी वस्ती फोटोत अप्रतिम दिसते: बोळ, दोरीवर वाळणारे कपडे, खिडकीतल्या आज्या. पण तिथल्या बऱ्याच इमारतींना लिफ्ट नाही आणि कित्येक बोळांत टॅक्सीही शिरत नाही. बाइरो आल्तोत रात्री दोनपर्यंत रस्त्यावर पेले वाजत असतात. ज्यांना झोपायचे आहे त्यांनी तिथे राहू नये, आणि ज्यांना झोपायचेच नाही त्यांनी दुसरीकडे राहू नये. पहिल्यांदा जाणाऱ्या चौघांनी बाइशात किंवा मेट्रोच्या हिरव्या मार्गालगत राहावे, हे आमचे मत. भाडे थोडे जास्त पडेल, पण रोजची एक चढण वाचेल. शहरात प्रत्येक रात्रीमागे माणशी ४ युरो पर्यटन कर लागतो, तोही हिशेबात धरावा.

चढण वाचवण्याच्या युक्त्या लिस्बनकरांकडून शिकण्यासारख्या आहेत. बाइशा-शियादो हे मेट्रो स्टेशन दोन पातळ्यांवर उघडते. एक दार खालच्या बाजारपेठेत, दुसरे वर शियादोत, एका प्रसिद्ध कॉफीगृहासमोर. मधले सरकते जिने तिकिटाच्या फाटकाच्या अलीकडे आहेत. म्हणजे गाडीत न बसता, एक पैसा न देता, माणूस अख्खी टेकडी उभ्याउभ्या चढतो. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका या जिन्यांनी जातात आणि पर्यटक शेजारच्या चढावर धापा टाकत असतात. किल्ल्याच्या बाजूलाही बाइशातल्या एका साध्या दिसणाऱ्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, तीही फुकट. थोडे पुढे दुसरी लिफ्ट मिळते, ती एका सुपरमार्केटच्या इमारतीत. तिथून किल्ला पायांच्या आवाक्यात येतो.

आणि अर्थातच ट्राम क्रमांक २८. मार्तिम मोनिझ चौकातून निघून ग्रासाची टेकडी, आल्फामा, बाइशा, शियादो, एश्त्रेला असे करत ती काम्पो दे ओउरीके इथे संपते. पिवळे, लाकडी बाकांचे हे छोटे डबे १९३० च्या दशकातल्या घडणीचे आहेत. पर्यटकांच्या हौसेखातर ते ठेवले आहेत असा समज होतो. खरे कारण रस्त्यात आहे. रुळांमधले अंतर अवघे ९० सेंटिमीटर, वळणे काटकोनी आणि चढ इतका तीव्र की आधुनिक लांब ट्राम इथे वळणारच नाही. आल्फामात तर डबा भिंतीला जवळजवळ घासत जातो आणि पादचारी दारांच्या चौकटीत अंग चोरून उभे राहतात. मार्तिम मोनिझला तासाभराची रांग लागते. त्याऐवजी सकाळी लवकर दुसऱ्या टोकाला, काम्पो दे ओउरीकेला जाऊन बसले तर खिडकी मिळते. खिसेकापूंनाही ही ट्राम अतिशय आवडते.

दोरावर चालणाऱ्या जुन्या चढगाड्यांपैकी ग्लोरियाची गाडी १८८५ पासून धावत होती. ३ सप्टेंबर २०२५ रोजी तिचा दोर सुटला, डबा उताराने घसरून इमारतीवर आदळला आणि १६ जणांचा जीव गेला. त्यानंतर अशा बाकीच्या गाड्याही तपासणीसाठी थांबवल्या गेल्या. जुन्या प्रवासपुस्तकात ‘अवश्य बसा’ असे छापलेले असेल, तरी जाण्याआधी चौकशी करणे बरे.

टेकड्यांच्या मधली बाइशा मात्र सपाट आणि सरळ कशी? त्याचे उत्तर १७५५ च्या १ नोव्हेंबरला आहे. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चे माणसांनी भरलेली, वेदीवर मेणबत्त्या. भूकंप झाला, वाचलेले लोक मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावले, तर तेजो नदीच्या मुखातून त्सुनामी आली, आणि पडलेल्या मेणबत्त्या-चुलींनी पेटलेली आग पुढे कित्येक दिवस जळत राहिली. हजारो माणसे गेली. राजा जोसे पहिला याने दगडी छपराचा इतका धसका घेतला की उरलेले आयुष्य त्याने आजुदा टेकडीवरच्या लाकडी-कापडी वाड्यात काढले. पोंबालचा मार्किस म्हणून पुढे ओळखला गेलेला त्याचा मंत्री मात्र कामाला लागला. त्याने बाइशाचा बुद्धिबळाच्या पटासारखा आराखडा करवून घेतला आणि नव्या भिंतींच्या पोटात लाकडी पट्ट्यांचा पिंजरा बसवायला लावला. दगड ढासळला तरी पिंजरा लवचीकपणे तग धरेल, ही कल्पना. चाचणीसाठी नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवल्याचे सांगतात. आज ज्या इमारतींच्या तळमजल्यावर स्मरणवस्तू आणि आइस्क्रीम विकले जाते, त्यांच्या भिंतींत तो पिंजरा अजून आहे.

नदीकाठच्या बेलें या भागासाठी अर्धा दिवस वेगळा ठेवावा, पण सोमवार सोडून. जेरोनिमुशचा मठ सोमवारी बंद असतो, आणि शुक्रवार ते सोमवारच्या सहलीत बेलें नेमके शेवटच्या दिवशी टाकण्याची चूक अनेक जण करतात. वास्को द गामा १४९७ मध्ये याच किनाऱ्यावरून भारताकडे निघाला. मठाचे काम सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला निघाले, ते आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावरच्या पाच टक्के करातून. दगडात कोरलेले दोरखंड, पोवळी, जहाजांचे गोल यंत्र पाहताना त्यामागे मलबारच्या मिऱ्यांचा पैसा आहे, हे लक्षात ठेवले की नक्षीकडे बघायची नजर थोडी बदलते. गामाची कबर आत, दाराजवळच आहे.

पण बेलेंची सगळ्यात सुरस गोष्ट गेंड्याची. १५१४ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कने दीवला किल्ला बांधायची परवानगी मागायला गुजरातच्या सुलतानाकडे माणसे पाठवली. मुझफ्फरशहाने परवानगी नाकारली आणि सदिच्छा म्हणून गेंडा दिला. जिवंत गेंड्याचे करायचे काय? अल्बुकर्कने जानेवारी १५१५ मध्ये तो गोव्याहून जहाजावर चढवला आणि पोर्तुगालचा राजा मानुएल याला धाडून दिला. २० मे रोजी तो लिस्बनला उतरला. रोमनांच्या काळानंतर युरोपात गेंडा कुणी पाहिला नव्हता. राजाने हत्तीशी त्याची झुंज लावली, तर हत्तीने गेंडा पाहताच पळ काढला. या गेंड्याचे वर्णन आणि कच्चे रेखाटन न्युरेम्बर्गला पोहोचले, आणि आल्ब्रेख्त ड्यूररने जनावर न पाहताच त्याचे लाकडी ठशाचे चित्र केले, चिलखत घातल्यासारखे; युरोप पुढची अडीचशे-तीनशे वर्षे तोच गेंडा खरा मानत राहिला. मानुएलने नंतर तो पोपला भेट म्हणून पाठवला. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले आणि साखळदंडाने बांधलेला गेंडा त्याच्याबरोबर. पोर्तुगीज कागदांत त्याचा उल्लेख ‘गांडा’ असा येतो. मराठी माणसाला वेगळे भाषांतर नको. त्याच सुमारास नदीत उभ्या राहणाऱ्या बेलेंच्या बुरुजाच्या एका कोपऱ्यातल्या घुमटीखाली गेंड्याचे डोके कोरले आहे. खारे वारे खाऊन ते झिजले आहे, शिंग तर ओळखूही येत नाही. बुरुजात शिरण्यासाठी उन्हात तास घालवणाऱ्यांपैकी फार थोडे त्याच्याकडे मान वर करून पाहतात. ते बाहेरूनच दिसते, तिकिटाशिवाय.

मग पेस्ट्री. १८३७ पासून बेलेंमध्ये एकाच ठिकाणी विकली जाणारी ती ‘पाश्तेल द बेलें’, आणि बाकी साऱ्या शहरात तीच ‘पाश्तेल द नाता’. मठांत कपड्यांना खळ करायला अंड्याचा पांढरा भाग लागे. उरलेल्या बलकांचे करायचे काय, यातून पोर्तुगालची निम्मी मिठाई जन्मली असे म्हणतात. दुकानाबाहेरची लांबलचक रांग पाहून परतू नये. ती घरी नेणाऱ्यांची असते. आत निळ्या फरशांच्या भिंतींची खोलीमागून खोली आहे आणि बसायला बहुधा लवकर जागा मिळते. पेस्ट्री गरम असतानाच वर दालचिनी भुरभुरवायची.

जेवणाच्या टेबलावर पहिला वाद होतो. बसल्या बसल्या वेटर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतो, न मागता. पाहुणचार समजून चौघे ते फस्त करतात आणि बिलात प्रत्येक वाटीचे पैसे लागतात. याला ‘कुवेर’ म्हणतात. हात लावला नाही तर पैसे लागत नाहीत. नको असेल तर परत न्यायला सांगावे, कुणी रागावत नाही. शाकाहारी मित्राने ‘काल्दो व्हेर्दे’ या हिरव्या पालेभाजीच्या सूपवर भरवसा ठेवू नये, त्यात सॉसेजची एक चकती हमखास तरंगत असते. मालवण-वसईकडच्या माणसाने मात्र रुआ दो आर्सेनाल या रस्त्यावरून एक चक्कर मारावी. खारवून सुकवलेल्या कॉड माशाच्या पाटासारख्या फळ्या दुकानांत रचून ठेवलेल्या असतात आणि वास थेट सुक्या बाजारातला.

शब्दही ओळखीचे भेटत राहतात. बटाट्याला ‘बताता’, अननसाला ‘अननाश’, घराच्या किल्लीला आपल्या चावीची मूळ बहीण ‘शाव्ह’, पावाला नाकातून म्हटलेला ‘पाँव’. ‘पगार’ म्हणजे तिथे पैसे देणे. आपण तो घेण्याच्या बाजूने उचलला. कॉफीच्या टपरीवर काचेआड त्रिकोणी ‘शामुसा’ दिसतो, तो आपलाच समोसा, गोवा आणि मोझांबिकच्या वाटेने तिथे रुळलेला. या शहराचे महापौरपद २००७ ते २०१५ अशी आठ वर्षे आंतोनियो कोश्ता यांच्याकडे होते. त्यांचे वडील ऑर्लांदो द कोश्ता हे गोव्याच्या घराण्यातले लेखक. पुढे पंतप्रधान आणि आता युरोपीय परिषदेचे अध्यक्ष झालेल्या कोश्तांचे घरातले नाव कोकणीच आहे: बाबूश.

पैशांबाबत ‘टीटीएमएम’ म्हणजे तुझे तू, माझे मी, हे तत्त्व कॉलेजच्या कट्ट्यावर ठीक. परदेशात दर कॉफीला चार कार्डे काढत बसले की वेटरही वैतागतो. पहिल्याच दिवशी सारखी कॉन्ट्री काढून एकाला खजिनदार करावे आणि जेवण, टॅक्सी, पाणी त्यातून भागवावे. दारू आणि खरेदी ज्याची त्याची. प्रवासाचे ‘नावेगान्ते’ कार्ड मात्र एकात चौघांना चालत नाही. पन्नास सेंटचे कार्ड प्रत्येकाने वेगळे घ्यायचे. त्यात पैसे भरले की मेट्रो, ट्राम, लोकल आणि नदीवरची बोट सगळीकडे चालते.

सगळ्यात मोठे भांडण सिंत्रावरून होते. रोसिओ स्टेशनवरून लोकलने चाळीस मिनिटे. झाडीने भरलेला डोंगर आणि शिखरावर पिवळा-तांबडा पेना राजवाडा. ऐकायला अर्ध्या दिवसाचे काम. पण राजवाड्याचे तिकीट ठरावीक वेळेचे असते, आणि स्टेशनपासून वर जायची बस त्या वेळेची फिकीर करत नाही. जाऊन-येऊन दिवस जातो, म्हणजे तिसांतले दहा तास. चौघांपैकी दोघांना जायचेच असेल तर दोघांनीच जावे. उरलेल्या दोघांनी आल्फामात वाट चुकावी, १७३२ पासून चालू असलेल्या बेर्त्रांदच्या पुस्तकांच्या दुकानात रेंगाळावे, रात्री जेवायला एकत्र यावे. मित्रांच्या सहलीत प्रत्येक गोष्ट चौघांनी मिळूनच करायची, हा दंडक कुठून आला कोण जाणे.

रात्री फादो, म्हणजे तिथले पारंपरिक गाणे, ऐकायचा असेल तर एक शिस्त पाळावी लागते. गाणे सुरू होताना दिवे मंदावतात आणि सगळे गप्प होतात, काटा-चमचाही वाजत नाही. कुजबुजणाऱ्याला शेजारच्या टेबलावरून दरडावले जाते. बारा जूनच्या रात्री मात्र याच गल्ल्यांत कान किटतील इतका गोंगाट असतो. पादुआचा म्हणून जगाला माहीत असलेला संत आंतोनी मूळचा लिस्बनचा. त्याच्या सणाला दारोदार निखाऱ्यांवर तारल्या भाजतात आणि कुंड्यांतली बारीक पानांची, तुळशीच्या कुळातली रोपे एकमेकांना देतात. त्या रोपाला नाक लावायचे नाही. पानांवरून तळहात फिरवून हाताचा वास घ्यायचा. या आठवड्यात खोल्यांची भाडी चढलेली असतात, त्यामुळे बेत आधीच ठरलेला बरा.

सोमवारची सकाळ उरते. संग्रहालये बंद, विमान दुपारचे, सामान घरमालकाकडे ठेवलेले. अशा वेळी काइश दो सोद्रे धक्क्यावरून पलीकडच्या कासिल्याशची बोट पकडावी. कार्डात उरलेले पैसे पुरतात, आणि दहाएक मिनिटांत बोट पोहोचते. नोकरदार माणसे पेपर वाचत बसलेली असतात, त्यांना समोरच्या देखाव्याचे काही नाही. बोट नदीत शिरली की मागे शहर उभे राहते: उजवीकडे किल्ला, खाली आल्फामाची उतरंड, मध्ये बाइशाचा सपाट तुकडा, डावीकडे पुन्हा चढ. ग्रुपवर टाकलेल्या नकाशातल्या सगळ्या टिकल्या तिथे असतात, एकीवर एक रचलेल्या. ‘चालत होईल’ म्हणणारा मित्र बोटीच्या बाकावर पाय लांब करून बसलेला असतो आणि परतीची बोट किती वाजता आहे, ते तोच विचारतो.